पन्नास नंबरची नाडी

केतकीच्या सासूबाई त्या दुपारी एकाच वेळी दोन ठिकाणी होत्या. घराच्या राखणीच्या म्हणण्याप्रमाणे त्या पलंगावर गाढ झोपल्या होत्या. नाडी बासष्ट, श्वास संथ, काळजीचं कारण नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे त्या नाशिकच्या घरात, न्हाणीघराच्या फरशीवर, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"अगं केतकी, डोळ्यांपुढे अंधारी येतेय," शैलजाबाई फोनवर म्हणाल्या. "छातीत काहीतरी फडफडतंय. अमृता ऑफिसात, केदारचा फोन लागत नाही. तुझा डबा काय म्हणतोय बघ जरा."

केतकी साताऱ्याच्या घरात जेवणाची भांडी आवरत होती. ओल्या हातानंच तिनं भिंतीवरचा पडदा चालू केला.

"आई, तो म्हणतोय तुम्ही झोपलाय."

"मी झोपलेय?" बाई तशाही अवस्थेत चिडल्या. "मग हे बोलतंय कोण? माझं भूत?"

केतकीनं पुन्हा पाहिलं. न्हाणीघराची फरशी म्हणत होती, इथं कुणी नाही. पलंगाची पट्टी म्हणत होती, माणूस छान झोपलंय. श्वासाची हिरवी रेघ सावकाश वर चढत होती, सावकाश उतरत होती. आणि तेवढ्यात केतकीच्या लक्षात आलं की रेघ वर चढली की शेजारच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येतो. रेघ उतरली की आवाज थांबतो. पुन्हा चढली, पुन्हा घुर्रर्र.

शेजारच्या खोलीत, आईंच्या पलंगावर, तिचा नवरा तेजस वामकुक्षी घेत होता.

तिनं आधी नाशिकच्या शेजाऱ्यांना फोन लावला. हरदासकाकांकडे घराची एक किल्ली असायची. काका रिटायर माणूस, पायात चप्पल न घालता धावले. अर्ध्या तासात शैलजाबाई दवाखान्यात होत्या. मग केतकीनं आत जाऊन तेजसला गदागदा हलवलं.

"ऊठ! तीन आठवडे आपण आईंची म्हणून तुझी नाडी बघतोय!"

"काय?" तेजस अर्धवट झोपेत म्हणाला. "कशी आहे?"

हा डबा काय भानगड होती, ते आधी सांगायला हवं. हृदय दर ठोक्याला रक्त पुढं ढकलतं, तेव्हा अख्खं शरीर किंचित हलतं. माणसाला ते कळत नाही, पण गादीखाली अंथरलेल्या नाडीपट्टीला कळतं. चालताना टाच कशी पडली, वळताना तोल किती गेला, हे फरशीखालच्या टिकल्यांना कळतं. खुर्ची, उंबरठा, जिन्याचा कठडा, औषधांची डबी, सगळेच आपापलं काही ना काही सांगत असतात. घरातला राखणीचा डबा या सगळ्यांना सतत विचारत राहतो आणि हळूहळू त्या माणसाला ओळखायला शिकतो. त्याची चाल किंवा नाडी बिघडायला लागली, की माणूस आडवा होण्याच्या एक-दोन दिवस आधी डबा बोंब ठोकतो. राखण आली आणि हातात बांगड्यांखेरीज काही न घालणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची सोय झाली. फक्त एक कायदा होता. शरीराची माहिती घराबाहेर जाता कामा नये. जे काही ऐकायचं, ठरवायचं, ते घरातल्या घरात, घराच्या स्वतःच्या जाळ्यात.

आणि घरांची जाळी विणणं हाच केतकीचा धंदा. साताऱ्यातल्या निम्म्या सोसायट्या तिच्या हाताखालून गेलेल्या. म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, अशातली गत झाली.

चूक झाली ती कशी, तेही ऐका. सासरे गेल्यावर शैलजाबाईंची पाळी ठरली होती. गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत थोरल्या केदारकडे नाशिकला, दिवाळीपासून पाडव्यापर्यंत धाकट्या तेजसकडे साताऱ्याला. आणि सातपुत्यांच्या घरचा नियम एकच, दोन्हीकडे सारखं. एका सुनेला जी साडी, तीच दुसरीला. एकदा साताऱ्यात मोठा फ्रिज आला तर थोरली जाऊ अमृता महिनाभर जेवढ्यास तेवढं बोलत होती. तेव्हापासून केतकीनं कानाला खडा लावला होता. राखण बसवताना तिनं साताऱ्याची मांडणी जशीच्या तशी उचलली आणि नाशिकला नेऊन ठेवली. तेवढ्याच टिकल्या, तेवढ्याच पट्ट्या, आणि नंबरही तेच. आईंच्या पलंगाची पट्टी दोन्ही घरांत पन्नास नंबर. न्हाणीघराची फरशी दोन्हीकडे त्र्याहत्तर. "आता बोला," ती तेजसला म्हणाली होती, "तसूभर फरक काढून दाखवावा कुणी!"

त्यानं तसं काही बिघडतही नव्हतं. घरातल्या जाळ्याचे नंबर खासगी असतात. १९२.१६८.१ च्या पुढं एकेका वस्तूला एकेक आकडा, आणि हेच नंबर जगातल्या कोट्यवधी घरांत सुखानं नांदत असतात. प्रत्येक सोसायटीत ए-१०१ असतोच की. नव्या लांबलचक नंबरांची पद्धत येऊन जमाना झाला होता, पण फरशीखालच्या स्वस्त टिकल्या अजून जुनीच भाषा बोलत, म्हणून घराघरांत जुनंच चालू होतं. घोटाळा कधी होतो? दोन सोसायट्यांनी मधली भिंत पाडून एक व्हायचं ठरवलं तर. मग ए-१०१ ची वस्तू आली, की वॉचमन ती जवळच्याच ए-१०१ मध्ये देऊन मोकळा होतो. पलीकडं आणखी एक ए-१०१ आहे, हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

केतकीनं भिंत पाडली ती दिवाळीत. पाळी बदलली की नव्या घरातल्या डब्याला आईंची ओळख पटायला दोन-तीन आठवडे लागायचे. म्हणून तिनं दोन घरांच्या मध्ये जाळ्यातून एक बंद भुयार काढलं. कायद्याच्या दृष्टीनं दोन घरं एक झाली. एका माणसाबद्दल दोन डब्यांनी दोन मतं देऊ नयेत, म्हणून साताऱ्याचा डबा मुख्य केला आणि नाशिकच्या डब्याला गप्प बसायला सांगितलं. दिवाळी ते पाडवा आई साताऱ्यातच होत्या, सगळं झकास चाललं. पाडव्याला आई नाशिकला गेल्या. साताऱ्याचा डबा रोज विचारू लागला, "पन्नास नंबर, कसं काय?" आणि पलीकडच्या पन्नासपर्यंत प्रश्न पोचायच्या आतच घरातलाच पन्नास उत्तर देऊ लागला. तो पलंग रिकामा असता तर एका रात्रीत घोटाळा उघडा पडला असता. पण तेजस घोरायचा. आई नाशिकला गेल्या की केतकी त्याची रवानगी आईंच्या खोलीत करायची.

बरं, डब्याला काही जाणवलं नाही असंही नाही. त्यानं पहिल्याच आठवड्यात अहवाल दिला होता की शैलजाबाईंच्या हृदयाचं वय एकदम तीस वर्षांनी कमी झालंय. त्यावर अमृतानं घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "आमच्याकडचं पाणी मानवतं आईंना." केतकी दोन दिवस धुमसत होती. सहा महिने पथ्यपाणी सांभाळायचं आपण आणि तरुण व्हायच्या त्या नाशिकला! त्या रागात आकडा नीट तपासायचं तिला सुचलं नाही.

त्याच रात्री केतकी आणि तेजस नाशिकच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलंच, "घरी राखण असून कळलं कसं नाही? हे ठोके दोन दिवस तरी चुकत असणार."

केतकीनं नाशिकच्या पट्टीची आठवण उघडून पाहिली. पट्टीनं सगळं ऐकलं होतं. दोन रात्री आईंच्या हृदयानं मधूनमधून ठोका चुकवला होता, थांबलं होतं, धावलं होतं. पट्टीला कुणी विचारलंच नव्हतं. केतकी ते बघत उभी राहिली आणि तिला रडू आलं. पाच वर्षांची असताना तिची आई गेली होती. लग्नानंतर सकाळी ओट्याशी उभं राहून जिच्याबरोबर चहा घेण्याची सवय लागली, ती बाई आपल्याच हुशारीनं आज गेली असती, हे तिच्या डोक्यातून जाईना.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. अमृता म्हणाली, "म्हणजे ते हृदय..."

"तेजसचं होतं, ताई."

"कप्पाळ माझं," अमृता म्हणाली. "मी माझ्या माहेरीसुद्धा सांगितलं होतं."

एरवी सगळे हसले असते. पण केदारनं घसा खाकरला. "आता पाळीबिळी बंद. आई इथंच राहील. दवाखाना जवळ आहे. मुख्य डबा नाशिकचा करायचा."

"असं कसं दादा?" तेजस उसळला. "केतकी साताऱ्यात असते. काही अडलं तर निस्तरणार कोण?"

"ज्यानं घोळ घातला त्यानं निस्तरलाच म्हणायचा!"

केतकीनं मान खाली घातली. दोघा भावांची जुंपली. खोलीचं दार उघडं होतं आणि आत शैलजाबाई छताकडं बघत पडल्या होत्या.

शैलजाबाई मूळच्या एसटीच्या. वाई डेपोत कंडक्टर म्हणून लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. घाटातल्या वळणांवर एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं तिकीट फाडणाऱ्या बाईला दोन मुलगे भांडताना ऐकून घाबरायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी केतकी एकटी त्यांच्यापाशी बसली, तेव्हा त्यांनी सगळं पहिल्यापासून समजावून घेतलं.

"म्हणजे दोन गाड्यांचं रिझर्वेशन केलंस," त्या म्हणाल्या, "सीट नंबर घातलास आणि गाडीचा नंबर घालायला विसरलीस."

"हो आई. चुकलंच."

"बरं, झालं ते झालं. मुळूमुळू रडू नकोस. आता काय करणार?"

"दोन्ही घरांचे नंबर पार बदलायचे. तसंही एका घरात दोनशे चोपन्नच मावतात, आणि आपल्या टिकल्या वाढत चालल्यात. दहापासून सुरू होणारी एक मोठी रांग आहे, तिच्यात हवी तेवढी जागा. त्यातले वेगवेगळे तुकडे द्यायचे. १०.१ साताऱ्याला, १०.२ नाशिकला. म्हणजे पुन्हा कधी गल्लत नाही." केतकीनं त्यांची चादर सारखी केली. "फक्त तुमच्या वस्तूंचं ठरत नाहीये. काठी, चष्मा, औषधांची डबी, दोन्हीकडच्या पट्ट्या. दादा म्हणतात नाशिकच्या तुकड्यात घाल. तेजस म्हणतो आपल्या."

"आणि दुसरीकडं गेले की?"

"तिथं मग पाहुण्यांच्या जाळ्यात."

"पाहुण्यांना डबा विचारत नाही ना?"

"नाही विचारत."

शैलजाबाई सलाईनच्या नळीतला थेंब पडताना बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एसटीत कंडक्टरची एक सीट असते बघ. दाराजवळ, एकटी. तिला नंबर नसतो. गाडी कितीही भरू दे, आमदार येऊ दे, ती कुणाला देत नाहीत. तसं तुझ्या त्या रांगेत काही नाही का?"

केतकी त्यांच्याकडं बघतच राहिली. "आहे की," ती म्हणाली. "जागा काय, मोप आहे."

तिनं तेच केलं. आईंना तिसरा तुकडा दिला, १०.३. जेवणाच्या डब्याएवढा एक छोटा राखणीचा डबा आणला, त्यात आईंचा सगळा इतिहास भरला, आणि आईंपुरता तोच मुख्य केला. डबा आईंबरोबर फिरणार. त्या नाशिकला बसल्या तर तिथून, साताऱ्याला बसल्या तर इथून, त्यांच्या वस्तू त्यांच्याच नंबरांनी त्यांच्याच डब्याशी बोलणार. तीन जाळी, तीन भुयारं, कुणी कुणाचं पाहुणं नाही. दोन्ही भाऊ खूश झाले, कारण दुसऱ्याचं काही चाललं नाही. आईंनी कपाटाच्या तळातून कंडक्टरकीच्या दिवसांची चामड्याची बॅग काढली. डबा तिच्यात अगदी बेतानं बसला.

महिन्याभरानं, तब्येत सुधारल्यावर, शैलजाबाई साताऱ्याला आल्या आणि त्यांनी सगळ्यांना तिथं बोलावून घेतलं. जेवणं झाली, आंब्याच्या साली ताटांत पडल्या होत्या.

"वाईच्या माझ्या दोन खोल्या रिकाम्या झाल्यात," त्या म्हणाल्या. "भाडेकरू गेले. मी तिथं राहायला जाणार आहे."

"एकटी?" केदार आणि तेजस एका सुरात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"एकटी कशानं? खाली रजिया राहते, माझ्या डेपोतली. पलीकडं सुमन आहे. संध्याकाळी स्टँडवर गेलं तरी चार माणसं ओळखीची भेटतात. तुमच्याकडं मी सुखात आहे रे, तक्रार नाही. पण सहा-सहा महिने दुसऱ्याचं घर बघून कुठं ताट ठेवायचं ते आठवत बसायचं, याचा कंटाळा आला मला."

"दुसऱ्याचं?" तेजसचा चेहरा पडला.

"आणि बघणार कोण तुझ्याकडं?" केदारनं विचारलं. "पुन्हा चक्कर आली तर?"

"डबा बघेल. आजवर तुमच्या डब्यांवरच विसंबून होतात ना?"

तेजसनं केतकीला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटलं. "तू सांग, तिसरी जागा जोडता येत नाही. वाईला लाइन नीट नाही, नंबर संपले, काहीही सांग. तुझ्यापुढं त्यातलं कुणाला कळतंय? आई तुझं ऐकेल." मग आवाज खाली आला. "मी खोटं बोलायला सांगतोय, कळतंय मला. पण ती न्हाणीघरातली गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही गं."

केतकीच्याही जात नव्हती. खरं सांगायचं तर तिला तेजसपेक्षा जास्त वाटत होतं की आईंनी जाऊ नये. पाळीचे सहा महिने संपत आले की ती आठवडाभर आधीपासून कावरीबावरी व्हायची. आता तर पाळीच उरणार नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. तांत्रिक अडचण आहे आई. अमृतानंही हुश्श केलं असतं.

ती बाहेर आली. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. शैलजाबाईंनी चामड्याची बॅग मांडीवर घेतली होती.

"काय गं केतकी," त्यांनी विचारलं. "जमतं का वाईहून?"

न्हाणीघरातल्या त्या दुपारी बाईंनी डबा काय म्हणतो ते विचारलं होतं आणि तिनं चुकीचं सांगितलं होतं. तेव्हा निदान तिला ठाऊक नव्हतं.

"जमतं, आई," केतकी म्हणाली. "पट्टी तेवढी तिकडं नवी घालावी लागेल. परवा येते घालायला."

तेजस तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.

वाईच्या खोल्यांत तिनं फरशीखाली टिकल्या बसवल्या, पलंगाला पट्टी घातली, भुयारं जोडली आणि प्रत्येक नंबर दोनदा तपासला. रजियाबाईंनी खालून बिर्याणी आणून खायला घातली. निघताना आई दारापर्यंत आल्या. केतकीनं वाकून नमस्कार केला आणि मागं न बघता जिना उतरली, कारण बघितलं असतं तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याशी उभी राहिली. सवयीनं दोन कप चहा टाकला होता. तेजस अजून उठला नव्हता. आईंची खोली कायमची रिकामी झाली तरी त्याला तिथं झोपायला तिनं मनाई केली होती. "घोरायचं तर इथंच घोर," ती म्हणाली होती. दोन्ही कप घेऊन ती आईंच्या खोलीत गेली. पलंगावर बसली. चादरीची घडी आईंनी जाताना घातली होती तशीच होती. इथल्या भिंतीवरच्या पडद्यावरही वाईची रेघ दिसत होती. नाडी चौऱ्याहत्तर, एखादा ठोका किंचित पुढंमागं, पण औषधानं आवरलेला. या खेपेला ती खरोखर आईंचीच नाडी होती. केतकी तिच्याकडं बघत राहिली आणि मग तिला आवरेना.

फोन वाजला.

"माझ्या पलंगावर कोण बसलंय?" शैलजाबाईंनी विचारलं.

केतकी दचकली. भुयार जोडलं की ते दोन्हीकडून उघडतं. इकडचं तिकडं दिसतं तसं तिकडूनही इकडचं दिसतं, हे घराघरांत लोकांना समजावत फिरणारी ती, स्वतःच विसरली होती.

"तेजस नाही हा," आई पुढं म्हणाल्या. "तेजसची बासष्ट असते. ही नव्वदीला टेकलीय, आणि श्वास अडकतोय." मग त्यांनी विचारलं, "रडतेयस का गं?"

केतकीनं नाक ओढलं.

"डब्यापुढं लपवाछपवी चालत नाही, बाई," शैलजाबाईंचा आवाजही जरा ओला झाला होता. "दोन कप टाकलेस ना? मीपण दोन टाकले. चल, घे आता. गार होईल."

केतकीनं डोळे पुसले आणि कप उचलला. तिकडून फुर्रकन भुरका ऐकू आला. इकडं तिनंही एक घोट घेतला. पडद्यावर ती बसली होती त्या पलंगाची, तिच्याच नाडीची रेघ हळूहळू खाली येऊ लागली.